पाण्याला वास येतो

अण्णांच्या खाकी शर्टावर पोटाच्या उंचीला कायम पांढुरके डाग असायचे. आईने कितीही धुतला तरी ते जात नसत. डाग कसले, रंगच उडालेला असायचा. अण्णा आरोग्य सेवक होते. सायकलच्या कॅरिअरला पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरची पिशवी, हँडलला दोन बादल्या आणि पावसाळा लागला की वाट्याला आलेल्या गावांतल्या विहिरी. सुट्टीच्या दिवशी मी मागे बसून जायचो, म्हणून ते काम मला पाठ आहे. दोरीला दगड बांधून पाण्याची खोली बघायची. विहिरीचा घेर पावलांनी मोजायचा. पाण्याचा अंदाज बांधून हजार लिटरला पाच ग्रॅम या हिशेबाने पावडर घ्यायची. बादलीत थोड्या पाण्यात ती कालवून गुठळ्या मोडायच्या, मग बादली भरून निवळत ठेवायची. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत काढायचं आणि खाली बसलेला चुन्याचा साका लांब नेऊन टाकायचा. ते निवळ पाणी दोरीने विहिरीत सोडून बादली पाण्याखाली वरखाली हिसडायची, म्हणजे औषध तळापर्यंत जातं. अर्धा-एक तास कुणी पाणी शेंदायचं नाही. शेवटी काचेच्या नळीत पाणी घेऊन ओटीचे, म्हणजे पाण्यात औषध उतरलंय का ते दाखवणाऱ्या रसायनाचे, थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं की अण्णा नळी उजेडाकडे धरून बघत. त्या दिवसातला त्यांचा तेवढा एक आनंदाचा क्षण.

कारण त्यानंतर बाया भांडायला येत. ‘‘डाक्टर, तुमच्या औषधानं पाण्याला वास येतो. डाळ शिजत नाही. चहाची चव जाती.’’ आणि घागरी घेऊन त्या ओढ्यातल्या झिऱ्यावर जात. झिऱ्याचं पाणी थंडगार, काचेसारखं, गोड. त्याच ओढ्याच्या वरच्या अंगाला पहाटे सगळा गाव टमरेल घेऊन बसायचा, हे प्रत्येकीला माहीत होतं. पण झिऱ्याच्या पाण्याला वास नव्हता. अण्णा एरवी शांत माणूस. एकदा मात्र ओरडले, ‘‘नाकानं पाणी पिता का तुम्ही?’’

टीसीएल म्हणजे ‘ट्रॉपिकल क्लोराईड ऑफ लाईम’, हे मला फार उशिरा कळलं. लाईम म्हणजे चुना. उष्ण हवेत टिकावं म्हणून त्यात चुना जास्त, म्हणून ‘ट्रॉपिकल’. मग एक दिवस व्हिक्टोरियाच्या काळातल्या लंडनबद्दल वाचताना हेच नाव समोर आलं. १८५८ च्या जूनमध्ये लंडनच्या पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे क्लोराईड ऑफ लाईमच्या पाण्यात भिजवून टांगले होते. खाली थेम्स नदी, नदीत साऱ्या शहराचा मैला, आणि वर उन्हाळा असा की नदी शिजत होती. डिझरायली तेव्हा अर्थमंत्री. एका हातात कागद आणि दुसऱ्या हाताने नाकाला रुमाल, अशा अवस्थेत ते समितीच्या खोलीतून बाहेर पळताना लोकांनी पाहिले.

आमच्या अण्णांची पावडर, आणि साहेबांचे पडदे. तेव्हापासून मी त्या शहराच्या गटारांच्या मागे लागलो.

वाचत गेल्यावर पहिल्यांदा एक गैरसमज गेला. मला वाटायचं की तिथे आधी घाण होती, मग संडास आले, मग स्वच्छता झाली. घडलं जवळजवळ उलटं. जुन्या लंडनमध्ये घराखाली किंवा अंगणात मैल्याचे खड्डे असत. ते उपसणारी माणसं रात्री येत, कंदील लावून, बादल्या आणि गाडी घेऊन. उपसलेला माल शहराबाहेर शेतकऱ्यांना विकला जाई. आपल्या भाषेत त्याला किती नेमका शब्द आहे बघा, सोनखत. हा धंदा चांगले पैसे मिळवून देणारा होता आणि जातीने कुणाच्या माथी मारलेला नव्हता. आपल्याकडच्या वाचकाने हा फरक लक्षात ठेवूनच पुढे वाचावं. पण शहर फुगत गेलं, शेतं लांब गेली, वाहतूक महागली. १८४० नंतर दक्षिण अमेरिकेहून पक्ष्यांच्या विष्ठेचं खत जहाजांनी यायला लागलं आणि सोनखताचा भाव पडला. त्यात श्रीमंतांच्या घरी पाण्याने धुतले जाणारे नवे संडास बसू लागले. एकदा साखळी ओढली की बादलीभर पाणी खड्ड्यात. जो खड्डा पूर्वी हळूहळू भरायचा, तो आता उतू जाऊ लागला आणि जमिनीत झिरपू लागला. शहराची गटारं पावसाच्या पाण्यासाठी बांधलेली होती. १८१५ पर्यंत घरातली घाण त्यांत सोडायला बंदी होती. ती उठली आणि सगळं नदीत जाऊ लागलं. त्याच नदीचं पाणी कंपन्या पंपाने उचलून घरोघर विकत होत्या.

या गोष्टीत एडविन चॅडविक नावाचा माणूस येतो. पेशाने बॅरिस्टर, स्वभावाने खडूस, आणि गरिबांच्या कायद्यातून निराधारांना कामाला जुंपून पोसणाऱ्या कडक ‘वर्कहाऊस’ची पद्धत पक्की केल्यामुळे कष्टकऱ्यांत मनापासून नावडता. १८४२ मध्ये त्याने कष्टकऱ्यांच्या वस्त्यांमधल्या परिस्थितीवर एक जाडजूड अहवाल काढला. त्यातला लिव्हरपूलचा तक्ता मी पुन्हापुन्हा बघितला आहे. मृत्यूच्या वेळचं सरासरी वय सधनांचं ३५, व्यापाऱ्यांचं २२, मजुरांचं १५. पंधरा! पाळण्यात गेलेल्या बाळांनी ही सरासरी खाली ओढली आहे हे मान्य, पण ती बाळंही कुणाची तरी होतीच. चॅडविकचा मुद्दा करुणेचा नव्हता, हिशेबाचा होता. कमावता माणूस तापाने मेला की बायकापोरं सरकारी खर्चावर येतात, त्यापेक्षा नळ आणि गटारं स्वस्त पडतात. मला हा माणूस आवडत नाही, आणि त्याच्याशिवाय पुढचं काही झालं असतं असंही वाटत नाही. १८४८ चा पहिला सार्वजनिक आरोग्य कायदा बऱ्याच अंशी त्याच्या हट्टातून आला.

पण चॅडविकचं सगळं शास्त्र त्याच्या नाकात होतं. कुजक्या हवेतून रोग पसरतो हे तेव्हाच्या बहुतेक डॉक्टरांचं मत, आणि चॅडविक तर वास म्हणजेच आजार असं पार्लमेंटच्या समितीसमोर सांगून आला होता. मग उपाय सोपा होता. घरातला वास घराबाहेर काढा. त्याच्या कारकिर्दीत मैल्याचे खड्डे बंद करून, गटारं धुऊन काढून सगळं थेम्समध्ये ढकललं गेलं. अंगणं थोडी बरी झाली. १८४८-४९ ला पटकीची साथ आली आणि लंडनमध्ये चौदा हजारांच्या आसपास माणसं मेली. खड्ड्यातला मैला खड्ड्यातच राहिला असता तर कदाचित एवढी मेली नसती. नदीतून तो लोकांच्या पेल्यात गेला.

ही पटकी मूळची आपल्याकडची. १८१७ मध्ये बंगालमध्ये जेसोरजवळ भडकलेली साथ सैन्यांबरोबर आणि जहाजांबरोबर फिरत १८३१ मध्ये इंग्लंडच्या संडरलँड बंदरात उतरली. आपल्याकडे तिच्यासाठी मरीआईचा गाडा शिवेपार ओढत नेत. तिकडे तिला ‘एशियाटिक कॉलरा’ म्हणून मोकळे झाले. शिवेपार ढकलण्याची पद्धत दोन्हीकडे सारखीच म्हणायची.

१८४९ च्या जुलैमध्ये, त्या साथीच्या ऐन भरात, लंडनच्या सेंट जाइल्स वस्तीतल्या ५४ जणांनी ‘टाइम्स’ला पत्र लिहिलं. मोडकंतोडकं, पानभर अशुद्ध. आम्ही चिखलात आणि घाणीत राहतो, आम्हाला संडास नाही, कचऱ्याची पेटी नाही, गटार नाही, पाणी नाही, गटाराच्या तोंडाचा वास सहन होत नाही, पटकी आली तर देवच राखो, असं त्यात होतं. वर्तमानपत्राने ते तसंच, चुकांसकट छापलं. पार्लमेंटला स्वतःच्या नाकाला रुमाल लावायला त्यानंतर नऊ वर्षं लागली.

त्या नऊ वर्षांच्या मधोमध १८५४ आहे आणि लंडनच्या सोहो वस्तीतली ब्रॉड स्ट्रीट. गेल्या वर्षी लेकीकडे लंडनला गेलो तेव्हा राणीचा राजवाडा राहू दे, आधी हा रस्ता दाखव म्हटलं. आता त्याचं नाव ब्रॉडविक स्ट्रीट आहे. कोपऱ्यावर काळ्या रंगाचा एक पंप उभा आहे. नक्कल आहे, मूळचा नाही. त्याला हँडल नाही, मुद्दामच. बाजूच्या दारूच्या गुत्त्याला जॉन स्नो या डॉक्टरचं नाव दिलेलं आहे. स्नो आयुष्याची बरीच वर्षं दारूला न शिवणारा. त्याचं स्मारक म्हणून गुत्ता. लेक म्हणाली, ‘‘बाबा, निदान इथे बसून लिंबूपाणी तरी घेऊ.’’

स्नो यॉर्कच्या एका मजुराचा मुलगा. अठरा वर्षांचा शिकाऊ असताना न्यूकॅसलजवळच्या कोळसा खाणीत त्याने पटकीचे पहिले रोगी पाहिले. खाणीत माणसं दिवसभर खाली राहत, तिथेच जेवत, तिथेच सगळं उरकत, आणि हात धुवायला पाणी नसे. हवेने जर रोग होत असेल तर आधी फुप्फुसं बिघडायला हवीत, इथे तर पोटापासून सुरुवात होते, एवढी साधी गोष्ट त्याने धरून ठेवली. पुढे तो भूल देण्यातला नावाजलेला डॉक्टर झाला. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म दिला तो यानेच. कदाचित रोज वायू हुंगवण्याचं काम असल्यामुळेच त्याला कळलं असेल की वायू अंतरावर गेला की विरतो. एखाद्या गल्लीतल्या वासाने शेकडो माणसं मरतील हे त्याला पटत नव्हतं.

३१ ऑगस्टच्या रात्री सोहोत साथ फुटली. तीन दिवसांत १२७ माणसं गेली, दहा दिवसांत पाचशेवर. स्नो जवळच राहत होता. मेलेल्यांच्या यादीतले पत्ते घेऊन तो दारोदार फिरला. जवळजवळ सगळे ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवतीचे. त्याने पंपाचं पाणी तपासलं तर ते बऱ्यापैकी नितळ होतं, तोसुद्धा क्षणभर थबकला. मग त्याने अपवाद शोधले, आणि माझ्या मते खरी कमाल इथे आहे. पंपाच्या जवळच पाचशेवर माणसांचं वर्कहाऊस होतं. तिथे मेले फक्त पाच. का? त्यांची स्वतःची विहीर होती. त्याच रस्त्यावर बिअरचा कारखाना होता, सत्तरेक कामगार, एकही मृत्यू नाही. कामगारांना बिअर फुकट मिळायची, पाणी कोण पितो! आणि मग शहराच्या पार उत्तरेला, हँपस्टेडच्या टेकडीवर, एक म्हातारी विधवा मेली. आजूबाजूला दुसरा एकही रोगी नाही. तिचे मुलगे ब्रॉड स्ट्रीटवर कारखाना चालवत. म्हातारीला त्या पंपाच्या पाण्याची चव आवडायची, म्हणून रोज गाडीबरोबर बाटली भरून जायची. ३१ ऑगस्टची बाटली तिने प्यायली. पाहुणी आलेली भाचीही प्यायली, इस्लिंग्टनला आपल्या घरी परतली आणि तिथे मेली.

पाणी गोड होतं! मैलोन्‌मैल लांबून मागवावं इतकं. मी त्या हँडल नसलेल्या पंपासमोर उभा होतो आणि डोळ्यांपुढे झिऱ्याची वाट होती, डोक्यावर तीन-तीन घागरी घेतलेल्या बायांची.

७ सप्टेंबरला स्नो तिथल्या स्थानिक मंडळींसमोर जाऊन बोलला, ८ तारखेला हँडल काढलं गेलं. शाळेत ही गोष्ट सांगतात तेव्हा इथे टाळ्या पडतात. खरं तर साथ तोवर ओसरायला लागली होती, निम्मी वस्ती पळून गेली होती, आणि हे स्नोनेच लिहून ठेवलं आहे. पण गोष्ट इथे संपत नाही. वस्तीतला तरुण पाद्री हेन्री व्हाइटहेड याला स्नोचं म्हणणं साफ चुकीचं वाटलं. ते खोडून काढायला तो निघाला. वस्तीतली प्रत्येक म्हातारी त्याला ओळखत होती, त्यामुळे स्नोला जे कुणी सांगितलं नसतं ते त्याला सांगितलं. महिनोन्‌महिने फिरून त्याने स्वतःलाच खोटं ठरवलं. पंपासमोरच्या ४० नंबरच्या घरात पाच महिन्यांचं एक बाळ साथ फुटायच्या दोन-तीन दिवस आधी आजारी पडलं होतं. आईने लंगोट धुऊन ते पाणी घरापुढच्या खड्ड्यात ओतलं होतं. खणून पाहिलं तेव्हा त्या खड्ड्याच्या विटा सुटलेल्या निघाल्या, आणि विहीर तिथून तीन फुटांच्याही आत.

आणि एक. ८ सप्टेंबरला, ज्या दिवशी हँडल निघालं त्याच दिवशी, त्या बाळाचा बाप पटकीने आजारी पडला. त्याचंही पाणी त्याच खड्ड्यात गेलं असणार. पंप चालू राहिला असता तर तीच विहीर दुसऱ्यांदा भरली असती. ती आई बाळंते धूत होती, बाळ वाचावं म्हणून. तिला कुणी दोष दिल्याचं मी वाचलं नाही, देऊ नयेच.

सरकारी आरोग्य मंडळाने स्नोचं म्हणणं मान्य केलं नाही. पंपाला हँडल परत बसलं. १८५५ मध्ये स्नो याहून अवघड जागी सापडला. हाडं उकळणारे, चामडी कमावणारे असे घाण वासाचे धंदे बंद करायचा कायदा येत होता. त्याने पार्लमेंटच्या समितीसमोर साक्ष दिली की या वासाने कुणाला साथीचा रोग होत नाही. ‘लान्सेट’ हे डॉक्टरांचं साप्ताहिक तुटून पडलं. डॉक्टर स्नो आपलं सगळं ज्ञान गटारातून उपसतात, असा त्या संपादकीयाचा सूर होता. वासाच्या विरोधात सगळं जग, आणि हा एकटा म्हणतोय की वास निरुपद्रवी असतो आणि नितळ पाणी मारतं. अण्णांचं तरी काय वेगळं होतं म्हणा!

१८५८ च्या १० जूनला, भुलीच्या औषधांवरचं आपलं पुस्तक लिहीत असताना स्नोला झटका आला. १६ जूनला तो गेला, वय ४५. ‘लान्सेट’ने दोन ओळीत बातमी दिली, क्लोरोफॉर्मवरच्या कामाचा उल्लेख केला. पटकीचा शब्दही नाही. बाहेर त्याच आठवड्यात थेम्स अशी घाणत होती की साऱ्या लंडनला वाटत होतं, आता या वासाने साथ येणार. साथ आली नाही. स्नो बरोबर होता याचा याहून मोठा पुरावा नव्हता आणि तो बघायला तो नव्हता.

पार्लमेंटने मात्र १८ दिवसांत कायदा करून गटारांचे पैसे मंजूर केले. जोसेफ बॅझलजेट हा इंजिनिअर आराखडे घेऊन तयारच बसला होता. नदीला जाऊन मिळणाऱ्या जुन्या गटारांना वाटेतच अडवायचं आणि नदीला समांतर मोठ्या नळांतून मैला शहराच्या पूर्वेला न्यायचा. ८२ मैलांची मुख्य गटारं, ३१ कोटींवर विटा, आणि तेव्हा नवं असलेलं पोर्टलंड सिमेंट, तपासून घेतलेलं. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. त्यातली बरीच गटारं अंड्याच्या आकाराची आहेत, निमुळतं टोक खाली. पाणी कमी असलं तरी अरुंद तळातून ते जोराने वाहतं आणि गाळ बसत नाही. पाऊस आला की वरचं रुंद पोट उपयोगी पडतं. अंगणात मोरी बांधणारा आमच्याकडचा गवंडीही तळ अंमळ खोलगट ठेवतो, तेच शहाणपण.

सगळं उतारावर चालतं, पण शेवटी जमीनच संपते, म्हणून मैला उचलावा लागतो. त्यासाठीचं क्रॉसनेसचं पंपघर १८६५ मध्ये सुरू झालं. आम्ही तेही पाहिलं. आत चार अवाढव्य वाफेची इंजिनं, राजघराण्यातली नावं दिलेली, आणि देवळातल्यासारखं कोरीव लोखंड. लाल-हिरव्या रंगात पानं आणि फळं. नीट पाहिलं तर ती अंजीर आणि सोनामुखी. पोट साफ करणारी! एवढ्या गंभीर राज्यात एवढा वात्रट कारागीर पाहून मी एकटाच हसलो. आमच्या आजीची सोनामुखीची पुडी आणि साहेबाचं लोखंड, एकाच कामाला.

हे सगळं वासाला घाबरून बांधलं होतं. पण वास घालवायला म्हणून मैला पाण्यापासून वेगळा काढला आणि पटकी गेली. १८६६ मध्ये ती शेवटची मोठी आली तेव्हा पूर्व लंडनमध्येच अडकली, जिथे नवी गटारं पूर्ण जोडायची राहिली होती. तिथल्या पाणी कंपनीच्या इंजिनिअरने ठणकावून सांगितलं की न गाळलेला थेंबही आम्ही देत नाही. मग दोन ग्राहकांच्या नळात वाम मासे सापडले. वाळूतून गाळलेल्या पाण्यात वाम! विल्यम फार नावाचा आकडेतज्ज्ञ पूर्वी हवेवाल्यांच्या बाजूचा. आता त्यानेच पाण्यावर बोट ठेवलं. स्नो जाऊन आठ वर्षं झाली होती.

क्रॉसनेसहून परतलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. स्वयंपाकघरात जाऊन मी नळाखाली पेला धरला. लेक आतून म्हणाली, ‘‘बाबा, थेट नळाचं नका पिऊ. तो फिल्टरचा जग आहे ना, त्यातलं घ्या. नळाच्या पाण्याला वास येतो.’’

मी पेला नाकाशी नेला. येत होता. अगदी हलका, कॅरिअरवरच्या पिशवीचा.

पेला भरून घेतला, आणि आणखी एक.